चिरा नाहीत, म्हणून बेल्ट चांगला?

गोव्यात पाऊस स्थिरावला की रानात अळमी उगवतात आणि मोबाइलवर गाडीचे सल्ले. यंदा ‘फॅन बेल्टची लूट थांबवा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला. एक गिऱ्हाईक, एक शाळासोबती आणि तिसरा माझा सख्खा मेहुणा. मेहुण्याने तर वर जोडलं, “भावोजी, आता काय बोलता?” रोख कळला. फोंड्याला माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे आणि बेल्ट हा माझ्या काउंटरवरचा रोजचा माल.

संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं. बेल्टवर चिरा दिसत नाहीत तोवर तो बदलायचा नाही. कंपनीच म्हणते की तो एक लाख किलोमीटर टिकतो. पावसात चिवचिवला तर तो फक्त ओलावा, लक्ष द्यायचं नाही. फारच वाजला तर साबणाची वडी किंवा खोबरेल तेल लावायचं. ज्या गाडीला टायमिंग चेन आहे, तिला बेल्टची काळजीच नाही. आणि समजा तुटलाच, तरी इंजिन चालूच राहतं, नायलॉनची दोरी बांधा आणि सावकाश घरी न्या. शेवटी अर्थातच, गॅरेजवाले आणि पार्टवाले मिळून तुम्हाला लुटतात.

माझं हितसंबंधाचं आधी सांगून टाकतो. बेल्ट विकला की मला चार पैसे सुटतात, तेव्हा माझ्यावर संशय घ्यायला हरकत नाही. फक्त खाली लिहिलंय त्यातलं बहुतेक तुम्हाला बॉनेट उघडून स्वतः पाहता येईल. संदेश लिहिणाऱ्याने ते पाहिलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

नावापासूनच घोळ आहे. ‘फॅन बेल्ट’ आपण सवयीने म्हणतो. अँबॅसिडर, पद्मिनीच्या काळी रेडिएटरचा पंखा खरोखरच त्या पट्ट्यावर फिरायचा. आज बहुतेक छोट्या गाड्यांचा पंखा विजेवर चालतो, पट्ट्याचा त्याच्याशी संबंध उरलेला नाही. हा पट्टा क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीवरून ताकद घेतो आणि आल्टरनेटर म्हणजे आपला डायनामो, एसीचा कॉम्प्रेसर, बऱ्याच गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंप आणि तेलावरचं पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याचा पंप, एवढं सगळं फिरवतो. पूर्वी प्रत्येकाला वेगळा व्ही आकाराचा पट्टा असे. पुढे एकच लांब, पातळ, आतून उभ्या रेघा असलेला पट्टा सगळ्या पुल्यांवरून सापासारखा वळवून नेण्याची पद्धत रूढ झाली. काम सुटसुटीत झालं, पण सगळी भिस्त एकावर आली.

आता चिरांचा मुद्दा. संदेशातला हा सगळ्यात घातक सल्ला आहे, कारण तो अगदीच खोटा नाही, जुना आहे. पूर्वी हे पट्टे निओप्रीन नावाच्या रबराचे असत. निओप्रीन उन्हातान्हात कडक होतं आणि रेघांना आडव्या चिरा पडतात. तेव्हाचे मेकॅनिक सांगायचे, तीन इंचांत तीन चिरा दिसल्या की पट्टा काढा. नियम चांगलाच होता. पण साधारण २००० सालापासून कंपन्या हळूहळू ईपीडीएम नावाच्या रबराकडे वळल्या. हे रबर उष्णता सोसतं, लवचीक राहतं आणि सहसा चिरत नाही. ते झिजतं. म्हणजे ज्या खुणेवरून आपण म्हातारपण ओळखायचो ती खूणच गेली, म्हातारपण मात्र येतंच.

आमच्या घरी अजून रगडा आहे. आईच्या हाताखाली वर्षानुवर्षं फिरून दगड गुळगुळीत होतो. त्याला चीर नाही, तडा नाही, दिसायला उलट जास्त सुंदर. पण खोबरं काही वाटलं जात नाही, नुसतं गोल गोल फिरतं. मग टाकी लावणाऱ्याला बोलवावं लागतं. नव्या पट्ट्याचं अगदी असंच होतं, फरक इतकाच की पट्ट्याला टाकी लावता येत नाही.

होतं काय, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. पट्ट्याच्या रेघा पुलीच्या खाचांत पाचरीसारख्या बसतात आणि पकड येते ती त्या पाचरीच्या दोन्ही तिरक्या बाजूंमुळे. नवा पट्टा बसवला की पुलीच्या दोन खाचांमधल्या उंचवट्याचं टोक आणि पट्ट्याच्या दोन रेघांमधली घळ यांत थोडी फट राहते. रेघांच्या बाजू झिजल्या की घळ रुंद होते, पट्टा खाचेत खोल उतरतो आणि एक दिवस पुलीची टोकं घळीच्या तळाला टेकतात. पाचर संपली. आता पट्टा नुसता वरून टेकलेला. कोरड्या दिवसात तो तरीही ओढून नेतो. पाऊस सुरू झाला, चाकाने डबक्यातलं पाणी उडवलं की त्या पाण्याला निसटायला जागा राहत नाही, आणि पट्टा घसरतो. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या राज्यात हे आठवड्यात एकदा नव्हे, रोज होणार. घसरणं पहिल्यांदा जाणवतं ते डायनामोवर, कारण त्याची पुली सगळ्यात लहान असते आणि क्रँकच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरते. रात्री वायपर, हेडलाइट, काचेवरची वाफ घालवणारा ब्लोअर, एसी असं सगळं एकदम चालू असताना दिवे मंदावतात, बॅटरीचा तांबडा दिवा क्षणभर लुकलुकतो. लोक येऊन बॅटरी मागतात. मी कितीतरी वेळा बॅटरी परत फडताळात ठेवून पट्टा दिलाय. (बॅटरीत नफा जास्त आहे, हे त्या लुटीच्या हिशेबात धरावं.)

तपासायचं कसं? इंजिन बंद, चावी खिशात, गाडी थंड. चावी खिशात हे मी मुद्दाम लिहितोय, कारण विजेचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही आपला आपण सुरू होतो. मोबाइलचा टॉर्च लावा आणि पट्टा हाताने थोडा पिळून आतली, रेघांची बाजू वर आणा. पाठीकडून पाहून काही कळत नाही. बहुतेक लोक मात्र पाठच पाहतात, कारण तीच दिसते. दोन रेघांमधल्या घळीत नख फिरवा. नव्या पट्ट्यात नख अडकतं, घळ अरुंद आणि टोकदार लागते. झिजलेल्यात ती पसरट लागते, नख सहज वाहत जातं. शंका आली तर कुठल्याही पार्टच्या दुकानात जाऊन त्याच मापाचा नवा पट्टा हातात घ्या आणि त्याच नखाने तुलना करा. विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही. मला तरी राग येत नाही.

नख फिरवताना आणखी काही गोष्टी सापडतात. रेघांवर काचेसारखी चकाकी असेल तर पट्टा घसरून तापलेला आहे. घळीत रबराच्या बारीक गोळ्या जमल्या असतील तर कुठेतरी पुली रेषेत नाही किंवा ताण कमी आहे. एका बाजूच्या कडेचे धागे सुटलेत, तर पट्टा शेजारच्या पुलीच्या कडेला घासतोय. रबर फुगल्यासारखं, मऊ, बोटाला काळं लागणारं झालं असेल तर वरून कुठून तरी ऑइल गळतंय. अशा वेळी पट्टा बदलून गळती तशीच ठेवणं म्हणजे कौलं फुटकी ठेवून घरातली चटई बदलणं. आणि एखाद्या रेघेचा तुकडाच उडालेला दिसला तर बाकी काही पाहू नका, त्याच दिवशी बदला.

एक लाख किलोमीटरचं वाक्य संदेशात ठळक अक्षरांत आहे. कुठल्या कंपनीने, कुठल्या इंजिनाबद्दल म्हटलं, याचा पत्ता नाही. काही पट्टे लाखभर किलोमीटर जातात, हे मी पाहिलंय. काही पन्नास हजारांत संपलेलेही पाहिलेत. तुमच्या गाडीबरोबर आलेली पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकसकट पडलेली असेल. तिच्यात देखभालीचा तक्ता असतो. बऱ्याच कंपन्यांच्या तक्त्यांत ‘आय’ आणि ‘आर’ अशी अक्षरं लिहिलेली असतात. ‘आय’ म्हणजे तपासा, ‘आर’ म्हणजे बदला. ड्राइव्ह बेल्टच्या ओळीत ती कुठे येतात ते बघा. शिवाय किलोमीटर आणि महिने असे दोन रकाने असतात आणि जे आधी भरेल ते धरायचं असतं. संदेशात महिन्यांचा उल्लेखही नाही.

आपल्याकडे तर हा महिन्यांचा रकानाच महत्त्वाचा. सासष्टीतली कितीतरी घरं अशी आहेत, जिथला कर्ता माणूस तारवटी. आठ-नऊ महिने जहाजावर, गाडी पोर्चमध्ये. पाच वर्षांची गाडी, चौदा हजार किलोमीटर. मालक म्हणतो, “अगदी कोरी आहे.” बॉनेट उघडलं की कळतं. खाऱ्या हवेत उभ्या गाडीच्या लोखंडी पुलीवर गंजाचा पापुद्रा धरतो. गाडी चालू असती तर पट्ट्यानेच घासून तो जागच्या जागी साफ झाला असता. उभ्या गाडीत तो वाढतो, आणि मालक सुट्टीवर आला की पहिल्या स्टार्टला ती गंजलेली पुली कानशीसारखी पट्ट्यावर फिरते. पट्ट्याला ताण देणाऱ्या टेन्शनरची स्प्रिंग महिनोन्‌महिने एकाच जागी दाबलेली असते, ती आखडते. शिवाय उंदीर. भाताची कोठारं सोडून त्यांना इंजिनाची ऊब का आवडते ते त्यांनाच ठाऊक, पण पट्ट्याच्या कडेला दातांच्या खुणा मी दर वर्षी दोन-तीन तरी पाहतो. अशा गाडीला किलोमीटरचा हिशेब लावून काय उपयोग?

दुसरं टोक म्हणजे तांबडी माती. २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद पडण्याआधी सावर्डे, कुडचडे भागातून येणाऱ्या गाड्यांचे पट्टे वरून विटेच्या रंगाचे असत. ती बारीक धूळ घळीत बसून रबर आणि पुली दोन्ही घासते. ट्रकांची रांग असो वा नसो, गावातल्या कच्च्या रस्त्यावर रोज गाडी नेणाऱ्याची गत वेगळी नाही.

पावसातल्या चिवचिवीकडे वळतो. इथे संदेश अर्धा बरोबर आहे. रात्रभर पाऊस पडून गेल्यावर सकाळी स्टार्ट केल्याबरोबर दोन-चार सेकंद आवाज आला आणि थांबला, दिवसभर पुन्हा नाही, तर तो ओलावाच असण्याची शक्यता मोठी आहे. काही करायला नको. पण आवाज रोजचा झाला, किंवा एसी लावल्यावर, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर येऊ लागला, तर त्याला ओलावा म्हणणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं.

आवाज दोन जातींचे असतात आणि कान लावला तर वेगळे कळतात. एक चिमणीसारखा, तुटक, तालात येणारा. इंजिनाचा वेग वाढवला की ताल वाढतो. दुसरा लांबलचक किंकाळीसारखा, भार पडताच येणारा. पहिला बहुधा पुली रेषेबाहेर गेल्याचा, दुसरा ताण कमी पडल्याचा किंवा पट्टा झिजल्याचा. ताडून पाहायला गॅरेजात एक साधी पाण्याची परीक्षा करतात. इंजिन मंद चालू ठेवून, हात लांब ठेवून, फवाऱ्याच्या बाटलीने रेघांच्या बाजूला थोडं पाणी मारायचं. आवाज क्षणभर गेला आणि परत आला, तर रेषेचा दोष. पाणी पडताच आवाज वाढला, तर पट्टा घसरतोय. ही परीक्षा मेकॅनिकला करू द्या. बाही लोंबणारा शर्ट, ओढणी, गळ्यातली साखळी घेऊन चालू पट्ट्याजवळ वाकणाऱ्यांना मी दुकानातून ओरडून मागे घेतलंय.

उसगावचा एक टेम्पोवाला मला आठवतो. वर्षात तीन पट्टे नेले. दर वेळी नवा घातला की पंधरा दिवस शांत, मग पुन्हा चिवचिव. तिसऱ्या वेळी तो माझ्यावरच घसरला, माल डुप्लिकेट म्हणाला. मी त्याला शेजारच्या म्हाताऱ्या मेस्ताकडे, म्हणजे मेकॅनिककडे पाठवला. मेस्ताने पट्टा उतरवला आणि एकेक पुली हाताने फिरवली. पट्ट्याला नुसती वाट दाखवणाऱ्या आयडलर पुलीपाशी थांबला, ती वर-खाली हलवून दाखवली आणि म्हणाला, “पात्रांव, हो पट्टो न्हय, ही पुली वाजता.” बेअरिंग गेल्याने पुली तिरकी फिरत होती आणि दर वेळी नव्या पट्ट्याची कड खात होती. पट्ट्याचा दोष फक्त एवढाच की तो बोलत होता. म्हणून पट्टा उतरवला असेल तेव्हा सगळ्या पुल्या हाताने फिरवून घ्यायला सांगा. खरखर, डगडग, किंवा एकदा ढकलली की भोवऱ्यासारखी फिरतच राहणारी पुली, तिन्ही वाईट. शेवटची का वाईट? कारण तिच्या बेअरिंगमधलं ग्रीस सुकलेलं असतं. टेन्शनरचा हात पान्याने ओढून सोडला की सावकाश, एकसारखा परत आला पाहिजे. अडकत, धक्के देत आला तर नवा पट्टाही टिकणार नाही.

साबण आणि खोबरेल. साबणाचा उपाय जुन्या व्ही पट्ट्यांच्या काळचा आहे, आणि तेव्हाही तो घरी पोचेपर्यंतचाच होता. आवाज घसरण्यामुळे येतोय आणि आपण त्यावर बुळबुळीत पदार्थ लावतोय, हे एकदा मोठ्याने म्हणून पाहा. आवाज जाईल, कारण आता पट्टा बिनबोभाट घसरेल. तेलावर धूळ बसून लगदा होतो. गंज सोडवणारे स्प्रे तर पेट्रोलियमचे असतात, आणि ईपीडीएमला पेट्रोलियम तेल सोसत नाही, ते फुगतं. बाजारात चिकट ‘बेल्ट ड्रेसिंग’ही मिळतं. माझ्याकडेही मागतात, मी ठेवत नाही.

टायमिंग चेनचा मुद्दा दोन ओळींचा आहे. टायमिंगचा पट्टा किंवा चेन इंजिनाच्या आत, झाकणाखाली असते आणि व्हॉल्व्हची वेळ सांभाळते. पट्टा असेल तर त्याला दात असतात. आपण बोलतोय तो पट्टा बाहेरचा. मारुतीच्या के-सिरीज इंजिनांत चेन आहे आणि बाहेरचा पट्टाही आहे. एक असलं म्हणून दुसरं नसतं असं नाही. अजिबात पट्टा नको असेल तर विजेची गाडी घ्यावी, किंवा पूर्ण हायब्रिडमधल्या काही गाड्या, ज्यांत पंप आणि एसी दोन्ही बॅटरीवर चालतात. गंमत अशी की ‘स्मार्ट हायब्रिड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांत उलटं आहे. तिथे सिग्नलला बंद पडलेलं इंजिन पुन्हा सुरू करण्याचं कामही याच पट्ट्याकडे असतं, डायनामोचीच मोटर होते आणि ती पट्ट्यामार्फत क्रँकला फिरवते. म्हापशाच्या गर्दीत अशी गाडी रोज चालवणाऱ्याने तर पट्टा जास्त जपायला हवा.

आता ‘तुटला तरी चालवत न्या’.

गेल्या वर्षी बेळगावहून चोर्ल्यामार्गे येणाऱ्या एका गिऱ्हाइकाचा पट्टा घाटमाथ्यावर तुटला. तांबडा बॅटरीचा दिवा लागला, स्टिअरिंग जड झालं, पण इंजिन चालू होतं. मोबाइलला रेंज नाही, अंधार पडत आलेला. त्याने विचार केला, उतारच आहे, जाऊ. आणि खरंच, घाट उतरेपर्यंत काही झालं नाही. उतारावर इंजिनाला भारच नसतो. केरीला सपाटी आली, त्याने वेग धरला आणि साखळीच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ. त्या गाडीत वॉटर पंप याच पट्ट्यावर होता. पंप थांबला की कूलंट जागच्या जागी उकळतं, हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, बाक येतो, त्याखालचं गॅस्केट जातं. माझ्याकडून त्याने शेवटी पट्टा नेलाच, काहीशे रुपयांचा. हेडचं काम वीस दिवस चाललं. त्या गाडीला तापमानाचा काटा नव्हता, नुसता तांबडा दिवा. आजकालच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तसंच असतं, आणि तो दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

तेव्हा चालवत नेता येईल का, याचं उत्तर तुमचा पट्टा काय काय फिरवतो यावर आहे, आणि ते तुटण्याआधी माहीत हवं. काही गाड्यांत एसीला वेगळा छोटा पट्टा असतो. तोच तुटला असेल आणि त्याचे तुकडे दुसऱ्यात अडकत नसतील तर घामाघूम होऊन घरी जाता येतं. काही गाड्यांत वॉटर पंप आतल्या टायमिंग बेल्टवर असतो, तिथे इंजिन तापणार नाही, पण डायनामो बंद असल्याने गाडी बॅटरीच्या शिलकीवर चालते. दिवसा, दिवे-एसी बंद ठेवून थोडं अंतर जाईल. रात्री पावसात, वायपर आणि विजेवरच्या स्टिअरिंगसकट, फार नाही. आणि काही जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप डायनामोच्याच पाठीला बसवलेला असतो. तिथे पट्टा तुटला की एक-दोन वेळा ब्रेक नेहमीसारखा लागतो, मग पेडल दगड होतं. अशी गाडी करमल घाटात किंवा अनमोडला ‘सावकाश’ उतरवायला सांगणाऱ्याने स्वतः शेजारच्या सीटवर बसावं.

तुटलेल्या पट्ट्याचे धागे काही इंजिनांत क्रँकच्या पुलीमागून आत ओढले जातात आणि टायमिंगपर्यंत पोचतात, हेही लक्षात असू द्या. दिवा लागला, स्टिअरिंग जड झालं, दोन्ही एकदम; तर बाजूला घ्या, बंद करा, बघा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.

नायलॉनच्या दोरीबद्दल काय लिहू? जुन्या जीपला, एकेरी व्ही पुलीवर, दोरी आवळून चार मैल काढलेले लोक मी पाहिलेत. सहा खाचांच्या सपाट पुल्या, मधे उलट्या पाठीने फिरणारा आयडलर, वर स्प्रिंगचा टेन्शनर, यावर दोरी बांधून दाखवणाऱ्याला माझ्याकडून पट्टा फुकट.

राहिला लुटीचा आरोप. यात तथ्य आहे, मी नाही म्हणणार नाही. सर्व्हिसिंगला दिलेल्या गाडीचा चांगला पट्टा न विचारता बदलणारे आहेत. त्याहून वाईट म्हणजे न बदलता बिलात लावणारे आहेत. टेन्शनर गेलेला असताना पट्ट्यावर पट्टे घालणारे तर गल्लोगल्ली. पण यावरचा उपाय पट्टा न पाहणं हा कसा? जुना पट्टा परत मागा. फोन करून “बदलू का?” विचारलं तर घळींचा फोटो मागवा, पाठीचा नव्हे. नव्या पट्ट्याच्या पाठीवर नंबर छापलेला असतो, समजा ६पीके१०७०. सहा म्हणजे रेघा, पीके ही रेघांची जात, १०७० म्हणजे लांबी मिलिमीटरमध्ये. जुन्याशी ताडून घ्या. “पाच-दहा मिलिमीटरने काय होतं, टेन्शनर सांभाळतो” असं कोणी म्हणालं तर त्याला सांगा की टेन्शनरला मर्यादा असते आणि तिच्या खुणा त्याच्या अंगावर कोरलेल्या असतात. काटा त्या दोन खुणांच्या आत दिसला पाहिजे. टेन्शनर नसलेल्या जुन्या गाड्यांत डायनामो सरकवून ताण देतात. लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने जोरात दाबलं की साधारण ८-१० मिलिमीटर लवलं पाहिजे, नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल. आवाज जावा म्हणून तारेसारखा ताणून देणारे मेकॅनिक असतात. आवाज जातो, आणि सहा महिन्यांत डायनामोचं किंवा पंपाचं बेअरिंग त्याच्या मागोमाग जातं. काही गाड्यांत एसीचा पट्टा स्वतःच लवचीक असतो, ताणून चढवलेला, टेन्शनरशिवाय. तो पान्याने उचकटून काढला की परत वापरायचा नाही. हे न सांगता जुनाच चढवणारा मेकॅनिक पैसे वाचवत नसतो.

स्वतः बदलणार असाल तर काढण्याआधी पट्ट्याच्या वाटेचा फोटो घ्या. बॉनेटखाली आकृतीचं लेबल असतं म्हणतात. असतंही, पण आपल्या पावसाने आणि इंजिन धुणाऱ्यांच्या पाण्याने ते धुऊन गेलेलं असतं. नवा पट्टा चढवल्यावर प्रत्येक पुलीवर रेघा नेमक्या खाचांत बसल्यात का, ते बोटाने चाचपून बघा. एक रेघ बाहेर राहिली तर पहिल्या स्टार्टलाच पट्ट्याची चिंधी होते. जुना पट्टा अजून बरा असेल तर गुंडाळून डिकीत ठेवा, मुडपून नको, आणि उन्हात खिळ्याला लटकवून तर अजिबात नको.

चवथीला मेहुणा घरी आला. जेवण झाल्यावर मी त्याची गाडी उघडली. सहा वर्षांची, बासष्ट हजार किलोमीटर, पेडण्याहून पणजीला रोजची ये-जा. पट्टा पिळून नख फिरवलं. घळ अजून टोकदार होती. चकाकी नाही, कडा शाबूत, पुल्या शांत, टेन्शनरचा काटा खुणांच्या आत. मी सांगितलं, हा पट्टा अजून एक पावसाळा तरी काढेल, बदलू नकोस, पुढच्या वर्षी पुन्हा दाखव. तो हसला आणि म्हणाला, “म्हणजे संदेश बरोबरच होता की, भावोजी.”

मी त्याला विचारलं, पट्टा तू पाहिला होतास का? तो नाही म्हणाला. मग पाटोळ्यांचं ताट आलं आणि विषय तिथेच राहिला.